पुढून टँकर, मागून पंप

रात्री सव्वाअकराला आधी जनरेटर खोकतो, मग पंप पाणी धरतो, आणि सकाळी सहापर्यंत आमच्या गल्लीत एकसुरी घरघर चालू राहते. पुण्यात, कोथरूडमधली ही गल्ली. शेजारचा बंगला गेला, बंगल्याची विहीर गेली, विहिरीवरचा औदुंबर गेला. आता तिथं बारा मजले येणार आहेत आणि त्यांच्या खाली दोन तळघरं. माणसं वर राहतील, गाड्या खाली झोपतील. गाड्यांना झोपायला जागा हवी म्हणून साडेसात मीटरचा खड्डा घेतलाय, आणि त्या खड्ड्यात, कुणी बोलावलं नसताना, पाणी आलंय.

हे पाणी रात्रभर रस्त्यावर येतं. आमच्या फाटकासमोरून, फुटपाथच्या कडेकडेनं, दुधाच्या चहासारखं दिसणारं हे पाणी पावसाळी गटाराच्या जाळीत उतरतं. सकाळी रस्ता वाळला की त्यावर गाळाची साय धरलेली असते. गेल्या महिन्यात त्या सायीवरून दोन स्कूटर घसरल्या. सात वाजता त्याच साइटच्या पुढच्या फाटकातून टँकर आत जातो, कारण खड्ड्याच्या एका अंगाचं रॅफ्ट, म्हणजे तळाचं सलग काँक्रीट, होऊन भिंती उभ्या राहिल्यात आणि त्यांना पाणी मारायचं असतं. साडेसातला दुसरा टँकर येतो. तो आमच्या सोसायटीचा. आमची बोअर डिसेंबरात आटली. वीस वर्षांत मे महिन्यातही ती आटली नव्हती.

पाहुण्याला ‘पूर्ण भांडं देऊ की अर्धं?’ असं विचारणारं शहर म्हणून बाहेरगावचे लोक आपली चेष्टा करतात. त्या शहरात, एकाच गल्लीत, शंभर पावलांच्या आत, रात्री पाणी फेकून देतात आणि सकाळी तेच विकत घेतात.

ह्यावर लिहिण्याचा मला हक्क आहे का, हे आधी सांगून टाकतो. अर्धाच आहे. एकतीस वर्षं मी साइट इंजिनिअर होतो. पंप रात्री का लावायचा हे मला माझ्या पहिल्या सीनियरनं शिकवलं आणि पुढं मी ते डझनभर पोरांना शिकवलं. रात्री पाण्याचा रंग दिसत नाही, एवढंच त्यामागचं शास्त्र. शेजारी झोपलेले असतात, तक्रार घेणारे झोपलेले असतात आणि सकाळी फार तर एक झाडूवाली बाई दोन शिव्या हासडते. तिच्या शिव्या मी खाल्ल्यात. तेव्हा हा लेख म्हणजे धुतल्या तांदळाचा उपदेश नाही. चोराला चोराच्या वाटा माहीत असतात, त्या वाटांचा हा नकाशा आहे.

डिसेंबरातल्या एका रात्री मी खाली उतरलो. साइटवर एक पोरगा होता, सुपरवायझर, लातूरकडचा. मी म्हटलं, ‘एक रिकामा ड्रम दे रे, दोनशे लिटरचा.’ त्यानं कशाला म्हणून विचारलं नाही. म्हाताऱ्यांना रात्री झोप येत नाही हे त्यानं गृहीत धरलं असावं. डिलिव्हरीचा पाइप आम्ही ड्रममध्ये सोडला आणि मोबाइलवर सेकंद मोजले. तीनदा मोजले. ड्रम पंचवीस सेकंदांत भरत होता.

सेकंदाला ८ लिटर. तासाला २८,८०० लिटर. रात्रीचे सात तास आणि संध्याकाळचे तीन, असे दहा तास धरले तर दिवसाला २ लाख ८८ हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळपास २९ टँकर. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यावं असा सरकारी मापदंड आहे. त्या मापानं हे दोन हजारांवर माणसांचं रोजचं पाणी झालं. पुढं फेब्रुवारीत ओघ कमी झाला, म्हणून चार महिन्यांची सरसकट बेरीज मी करत नाही. एका दिवसाचा आकडा पुरेसा आहे.

मी पोराला विचारलं, ‘एवढं पाणी गटारात सोडताना काही वाटत नाही का रे?’

‘काका, हे वेस्ट वॉटर आहे,’ तो म्हणाला. मग जरा थांबून, ‘आमच्याकडं रेल्वेनं पाणी आलतं. मी सहावीत होतो. बघायला गेलतो.’

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली होती. पहिल्या गाडीत ५ लाख लिटर पाणी होतं. साऱ्या देशानं ती बातमी पाहिली, स्टेशनवर गर्दी झाली, श्रेयाची भांडणं झाली. ती अख्खी गाडी आमच्या गल्लीतला एक पंप दोन दिवसांत गटारात रिकामी करत होता. ती बघायला गेलेला पोरगाच इथं पंपाचं बटण दाबत होता. त्याला मी दोष देत नाही. ‘वेस्ट वॉटर’ हा शब्द त्यानं शोधलेला नाही. तो आम्ही शोधला.

पंप चालूच नये असं मी म्हणत नाही, हे बिल्डरमंडळींनी नीट ऐकून घ्यावं, कारण पहिला आरोप हाच होणार आहे. पाण्यात उभं राहून रॅफ्टचं स्टील बांधता येत नाही, त्याखालचं साधं काँक्रीट घालता येत नाही. आणि पाणी काढणं मध्येच थांबवलं तर खालून येणारा दाब तळघर उचलू शकतो. पाण्याची पातळी रॅफ्टच्या तळाच्या वर जितके मीटर, तितके टन दर चौरस मीटरला वर ढकलतात. पाच मीटर पाणी म्हणजे पाच टन. हा धक्का दाबून धरायला रॅफ्टचं वजन आणि चार-पाच स्लॅब तरी वर चढावे लागतात. तोवर पंप बंद करायचा नसतो, हे कोणताही आरसीसी कन्सल्टंट सांगेल. पंप चालणारच. पाइपच्या दुसऱ्या टोकाचं काय, ह्यावर माझं भांडण आहे.

त्या टोकाला गढूळ पाणी पडतं. आणि इथं धंद्यातलं एक गुपित फोडतो. आपल्या काळ्या कातळातून, त्याच्या फटींमधून किंवा दोन थरांच्या मधल्या सांध्यातून पाझर खड्ड्यात येतो, तेव्हा तो बहुतेक वेळा नितळ असतो. ओंजळीत धरावा इतका नितळ. त्याला गढूळ आपण करतो. तो उघड्या खड्ड्यात वाहतो, मुरमातून, पोकलेनच्या साखळ्यांखालून, मजुरांच्या गमबुटांखालून जातो, मधल्या खोलगट भागात साचतो आणि त्या चिखलात आपण पंप आडवा टाकतो. पंप बिचारा मिळेल ते ओढतो. खड्ड्याच्या कडेनं भिंतीलगत चर काढावा, चराच्या टोकाला संप, म्हणजे पाणी गोळा होईल असा खोलगा, खणावा, संपात भोकं पाडलेला ड्रम उभा करून त्याच्याभोवती खडी भरावी आणि पंप ड्रमच्या आत सोडावा. एवढं केलं तर निम्मं काम तिथंच होतं. हे करायला दोन मजूर, एक दिवस आणि अर्धा ब्रास खडी लागते. मी माझ्या नोकरीत हे नीट किती साइटवर केलं? तीन. दोन ठिकाणी क्लायंट परदेशी होता म्हणून आणि एका ठिकाणी शेजारी वकील होता म्हणून.

गढूळ पाण्याकडं आणखी एका कारणानं बघायला हवं. पंपातून पाण्याबरोबर जी बारीक माती येते ती कुठून येते? सगळी खड्ड्याच्या तळातून येत नाही. बाजूच्या भरावातून, शेजारच्या भिंतीमागून, जुन्या इमारतीच्या पायाखालच्या मुरमातून पाणी वाट काढतं आणि येताना माती घेऊन येतं. पंप दिवसेंदिवस गढूळच ओकत असेल तर कुणाच्या तरी पायाखालची जमीन पाइपमधून जाते आहे, असं समजावं. आमच्या कंपाउंडच्या भिंतीला जानेवारीत तडा गेला. तो खड्ड्यामुळं गेला हे मी सिद्ध करू शकत नाही आणि तसा दावाही करत नाही. पण खड्डा, भिंत आणि पाणी एकत्र आले की काय होऊ शकतं ते २९ जून २०१९ ला मध्यरात्रीनंतर कोंढव्यात दिसलं. जोराच्या पावसात सोसायटीची संरक्षक भिंत खालच्या साइटवरच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ माणसं गेली. त्यात लहान मुलं होती. चौकशी झाली, मग आपण पुढं गेलो.

आता ह्या गढूळ पाण्याचं काय करायचं? ‘ट्रीटमेंट’ म्हटलं की साइटवरचा माणूस असा चेहरा करतो जणू त्याला रुग्णालय बांधायला सांगितलंय. म्हणून मी एक प्रयोग केला. पाइपच्या तोंडाशी दोन काचेच्या बरण्या भरल्या आणि आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवल्या. बायको म्हणाली, लोणच्याच्या बरण्या आहेत त्या. मी म्हटलं, विज्ञानासाठी. पहिल्या बरणीला हात लावला नाही. पाच-दहा मिनिटांत तळाला वाळू बसली. तासाभरात जाडसर पोयटा बसला. वरचं पाणी मात्र तसंच चहासारखं. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी थोडं फिकं. ह्याचं गणित जुनं आहे. दोन शतांश मिलिमीटरचा कण एक मीटर खाली बसायला पाऊण तास घेतो. त्याच्या दहापट बारीक, चिकणमातीचा कण तेवढ्याच अंतराला तीन दिवसांहून जास्त घेतो. कण दहापट लहान झाला की वेळ शंभरपट होतो.

दुसऱ्या बरणीत मी तुरटी फिरवली. तीच, जी माझी आजी पावसाळ्यात नदीचं पाणी आलं की हंड्यात फिरवायची आणि जी अजून न्हाव्याच्या पेटीत असते. दहा मिनिटांत पाण्यात कापसासारखे पुंजके दिसायला लागले, ते एकमेकांना चिकटले, जड झाले, खाली बसले. अर्ध्या तासानं त्या बरणीतून पलीकडचा पारिजात दिसत होता. मोलकरणीनं दोन्ही बरण्या पाहून विचारलं, ‘एकच पाणी आहे?’ एकच होतं.

आता हेच साइटच्या मापानं करू. सेकंदाला ८ लिटर पाणी येत असेल आणि दोन शतांश मिलिमीटरपर्यंतचा गाळ नुसता बसवून काढायचा असेल, तर टाकीचा पृष्ठभाग साधारण २२ चौरस मीटर लागतो. म्हणजे दोन मोटारींच्या पार्किंगची जागा. मध्ये दोन आडव्या भिंती घालून पाण्याला वळसे द्यायचे, शिरतानाच तुरटीच्या द्रावणाची धार सोडायची, तळाचा गाळ आठवड्याला काढून वाळवायचा आणि त्याच साइटच्या भरावात टाकायचा. तुरटी किती घालायची ते अंदाजानं ठरवायचं नाही, आधी बरणीत करून बघायचं, कारण जास्त झाली तर पाणी आंबट होतं. ज्या प्लॉटवर ऐंशी गाड्यांची सोय होते आहे, तिथं दोन गाड्यांएवढी जागा वर्षभर पाण्याला देता येत नाही. जागा नाही म्हणतात. सॅम्पल फ्लॅटला जागा असते. त्याच्यापुढच्या कारंज्यालाही असते, आणि त्या कारंज्यात टँकरचं पाणी असतं.

सिमेंटचं पाणी ही ह्यातली वेगळी जात आहे. रॅफ्टचं काँक्रीट पडतं त्या दिवशी, आणि ट्रान्झिट मिक्सरचे पन्हळ खड्ड्याच्या तोंडाशी धुतात त्या प्रत्येक वेळी, संपातलं पाणी चुन्याच्या निवळीसारखं जहाल होतं. त्याचा सामू (पीएच) १२ च्या आसपास जातो. अनवाणी मजुराच्या टाचा फुटतात त्या नुसत्या थंडीनं नाही. हे पाणी दिसायला स्वच्छ असू शकतं, म्हणून जास्त वाईट. ते वेगळं साठवून, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडून किंवा मोजून आम्ल घालून ९ च्या खाली आणावं लागतं. मोजून म्हणजे मोजून. कॅनमधलं ॲसिड डोळ्यांनी ओतणारे महाभागही मी पाहिलेत. आणि जुन्या पेट्रोल पंपाच्या किंवा कारखान्याच्या जागेवर खोदत असाल तर तुरटी विसरा. तिथं तवंग दिसतो, वास येतो, तिथं प्रयोगशाळेला नमुना पाठवल्याशिवाय एक थेंबही बाहेर काढायचा नसतो. मुंबईत समुद्रालगत तर पाणी खारं, काळपट, कुजक्या अंड्याच्या वासाचं येतं. ते झाडांनाही चालत नाही आणि काँक्रीटलाही नाही. पुण्याचा कातळ आपल्यावर मेहेरबान आहे. त्या मेहेरबानीची आपण अशी परतफेड करतो.

कायदा नाही म्हणावं तर तसंही नाही. नदी-नाल्यात घाण सोडू नये हे १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यात आहे. पर्यावरण संरक्षण नियमांच्या जोडपत्रात आकडे आहेत: नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात तरंगता गाळ लिटरमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, सामू ५.५ ते ९ च्या मधला हवा, तेल-ग्रीस १० मिलिग्रॅमच्या आत. शंभर मिलिग्रॅम म्हणजे चहाचा रंग नव्हे, जेमतेम धुरकट पाणी. सिंगापूरनं आपल्या बांधकामांसाठी ही मर्यादा ५० केली आणि साइटच्या नाल्याच्या तोंडावर कॅमेरे बसवायला लावले. बर्लिनमध्ये खड्ड्यातलं पाणी वाहून नेणारे पाइप रस्त्यावरून उंचावर, चक्क गुलाबी रंगात नेलेले दिसतात. आपले पाइप रात्री दिसू नयेत म्हणून काळे असतात. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तर डीवॉटरिंग करणाऱ्या प्रकल्पांनी डिजिटल फ्लोमीटर बसवून उपसा मोजावा, नोंदी ठेवाव्यात, असं स्वच्छ लिहिलंय. मीटर! शेजारच्या साइटवर मजुरांच्या हजेरीला बोटाचा ठसा घेणारं यंत्र आहे, सिमेंटच्या पोत्यांना नंबर आहेत, डिझेल कॅनच्या पट्टीवर मोजतात. फक्त पाण्याला माप नाही.

मी तक्रार केली. कुठं केली ते सांगत नाही, कारण सगळीकडं सारखंच झालं. पहिल्या कार्यालयात सांगितलं, रस्त्यावर पाणी येतंय ना, मग रस्ता बघणाऱ्यांकडं जा. रस्ता बघणाऱ्यांनी विचारलं, खड्डा पडलाय का? मी म्हटलं, साडेसात मीटरचा. ते म्हणाले, रस्त्यात पडलाय का? तिसऱ्या ठिकाणी एक सज्जन गृहस्थ भेटले. त्यांनी बरणी हातात घेतली, उजेडात धरली, खरोखर हळहळले आणि म्हणाले, ‘नमुना आमच्या माणसानं घेतलेला असायला हवा.’ माणूस कधी येईल? ‘कामाच्या वेळेत.’ पंप रात्री सव्वाअकराला सुरू होतो. चौथ्या ठिकाणी ऑनलाइन अर्ज होता. प्रकार निवडायचा होता: गळती, कमी दाब, दूषित पाणी, अनधिकृत नळजोड. जमिनीतून पाणी उपसून गटारात टाकणं हा प्रकार यादीत नव्हता. मी ‘गळती’ निवडलं. दोन दिवसांनी मोबाइलवर संदेश आला, आपल्या तक्रारीचं निराकरण झालं आहे, समाधानी असल्यास १ दाबा.

गटारात गेल्यावर हे पाणी संपतं असं समजू नका. पावसाळी गटारात गाळ बसतो. जूनच्या आधी नालेसफाईच्या निविदा निघतात आणि तोच गाळ आपल्या घरपट्टीच्या पैशानं वर काढून रस्त्याच्या कडेला ढीग घालतात. पहिल्या पावसात तो ढीग परत चेंबरमध्ये. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा घराघरांत शिरला, तो नुसत्या गाळानं शिरला असं मी म्हणणार नाही. ओढ्याचा गळा कुणी आवळला हे पुणेकरांना पाठ आहे. पण आवळलेल्या गळ्यात रोज रात्री मूठभर माती कोंबायची, ही कुठली माणुसकी? काही शहाणे हे पाणी पावसाळी गटाराऐवजी ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडतात, म्हणजे रस्त्यावर दिसत नाही. ते तर आणखी भारी. जपानच्या कर्जातून ‘जायका’ प्रकल्पाची ११ शुद्धीकरण केंद्रं, दिवसाला ३९ कोटी ६० लाख लिटर मैलापाण्यासाठी, मुठा नदीच्या नावानं एवढा खटाटोप चाललाय, आणि आपण मैल्यात चांगलं पाणी मिसळून मैला वाढवतो आहोत. दुधात पाणी घालणारा निदान दूध तरी विकतो.

एक गंमत मात्र मला अजून पचलेली नाही. राज्याच्या बांधकाम नियमावलीप्रमाणं ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर पर्जन्यजल संधारण सक्तीचं आहे. म्हणजे ही इमारत उभी राहिली की कोपऱ्यात एक खड्डा होईल, त्यात थोडी खडी, थोडी वाळू, वर जाळी, शेजारी हिरवी पाटी, पाटीवर थेंबाचं चित्र. त्याचा फोटो फाइलला लागेल आणि पूर्णत्वाचा दाखला मिळेल. ब्रोशरवर ‘इको-फ्रेंडली’ छापून येईल. त्या खड्ड्यातून जमिनीत जेवढं पाणी जाईल, त्याच्या कितीतरी पट त्याच जमिनीतून आधीच उपसून गटारात गेलेलं असेल. बँकेत लाखाचा दरोडा घालून दुसऱ्या दिवशी त्याच बँकेत शंभर रुपयांचं बचत खातं उघडावं, आणि मॅनेजरनं उठून हार घालावा, तसं हे आहे.

‘मग पाण्याचं करायचं काय?’ हा प्रश्न मला प्रत्येक वेळी असा विचारतात, जणू मी घरी कोल्ह्याचं पिल्लू आणून ठेवलंय. आधी स्वतः वापरा. काँक्रीटच्या पाण्यासाठी आयएस ४५६ हे आपलं मानक आहे. त्यात गाळाची मर्यादा लिटरला २,००० मिलिग्रॅम आहे, आरसीसीसाठी क्लोराइडची ५००, आणि सामू ६ पेक्षा कमी नको. पुण्याच्या कातळातलं निवळलेलं पाणी ह्यात सहसा बसतं. एकदा तपासून घ्या आणि भिंतींना तेच मारा. साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि फ्लायॲशवाल्याला दहा दिवस गोणपाट ओलं ठेवायचं असतं. टँकर महाग म्हणून ते तिसऱ्या दिवशीच वाळतं आणि मागच्या बाजूला पंप चालू असतो! नियमानं बांधकामाला शुद्धीकरण केंद्रातलं प्रक्रिया केलेलं पाणी वापरायचं असतं. साइटवर येणारा टँकर तेच आणतो का, हे मी विचारत नाही, उत्तर मला माहीत आहे. उरलेलं पाणी टँकरवाल्यालाच द्या. तो रिकामा परत जातो ना? जाताना भरून नेऊ दे, उद्यानाला, दुभाजकावरच्या झाडांना, पुढच्या साइटला. त्याहून उरलं तर नितळ करून, प्रयोगशाळेचा दाखला घेऊन, खड्ड्यापासून लांब जमिनीत परत सोडा. लांब अशासाठी, की जवळ सोडलं तर ते वळसा घालून परत तुमच्याच संपात येईल आणि तुम्ही म्हणाल, बघा, उपयोग नाही. गढूळ पाणी कुणाच्या बोअरमध्ये मात्र ओतू नका. कातळाच्या फटी एकदा गाळानं बुजल्या की त्या उघडायला परमेश्वर येत नाही.

ह्यातलं काहीही नवीन नाही आणि अवघड तर मुळीच नाही. तरी होत नाही, कारण आत येणाऱ्या पाण्याचं बिल येतं आणि बाहेर जाणाऱ्याचं येत नाही. टँकरची पावती असते, त्यावर सही लागते, महिन्याच्या शेवटी अकाउंटंट ओरडतो. पंपाची पावती नाही. मी साइटवर असताना कुणी मला लिटरमागे अगदी दोन पैसे लावले असते, तर मालकानं मला पहिल्याच आठवड्यात केबिनमध्ये बोलावून विचारलं असतं, ‘काय हो, हे पाणी जातंय कुठं?’ एकतीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नाही. चुना किती, वाळू किती, डिझेल किती, सगळ्याचा जाब मी दिलाय. म्हणून माझी मागणी एकच आहे आणि ती फार बारकी आहे: प्रत्येक डिलिव्हरी पाइपला मीटर लावा, त्याचा आकडा साइटच्या बाहेरच्या पाटीवर रोज लिहा, आर्किटेक्टच्या नावाखाली, आणि त्याचं बिल पाठवा. तुरटी आपोआप येईल. टाकीला जागाही सापडेल.

आता आम्ही, म्हणजे गल्लीतले सज्जन लोक. आमचीही इमारत पुनर्विकासाला निघाली आहे. आम्हालाही बारा मजले हवेत आणि प्रत्येकाला दोन गाड्यांची जागा हवी. ती हवेत होत नाही. म्हणजे पुढच्या दिवाळीनंतर आमचाही खड्डा, आमचाही पंप, आणि समोरच्या सोसायटीची बोअर. करारनाम्याचा मसुदा ८४ पानांचा आहे. त्यात बाथरूमच्या टाइलचा आकार आहे, नळांची कंपनी आहे, लिफ्टमधल्या आरशाची उंची आहे. ‘पाणी’ हा शब्द मी पेन्सिलनं खुणा करत शोधला. चार ठिकाणी सापडला. त्यातलं एक ‘चोवीस तास’ होतं आणि एक जलतरण तलावाचं.

गेल्या रविवारी गच्चीवर सभा झाली. मी उभा राहिलो, दोन्ही बरण्या टेबलावर ठेवल्या आणि म्हटलं, करारात एक कलम घाला. खड्ड्यातून निघणाऱ्या पाण्याला मीटर, गाळ बसवायला टाकी, आठवड्याला एक चाचणी. लोकांनी ऐकलं. एक बाई म्हणाल्या, छान आहे हो. कुणीतरी विचारलं, ह्यानं कार्पेट एरिया कमी होईल का? मी म्हटलं, नाही, पण वर्षभर दोन गाड्यांची जागा अडेल. त्यावर मागून आवाज आला, कुणाच्या दोन? मग अर्धा तास त्यावरच गेला. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, ‘काका, मुद्दा रास्त आहे, आपण इतिवृत्तात घेऊ.’

काल इतिवृत्त व्हॉट्सॲपवर आलं. विषय क्रमांक ७: ‘शेजारील बांधकामाच्या पंपाच्या आवाजामुळं ज्येष्ठ सभासदांच्या झोपेत व्यत्यय येत असल्याबाबत चर्चा झाली. विकसकास रात्री कमी आवाजाचा पंप वापरण्याची विनंती करण्यात येईल.’